मदत हवी आहे: भारतीय भाषांतले प्रोग्रेसिव्ह रॉक बँड सुचवा

रोज डोंबिवली ते सीएसएमटी लोकलमध्ये हेडफोन लावून बसतो (जागा मिळाली तर). कोशिश या हिंदी बँडचा 'फिरदौस' हा अल्बम (२०१३) आता पाठ झालाय. बंगळुरूचा अगम आणि कोचीचा मदरजेनही ऐकून झालेत. मदरजेन गातात इंग्रजीत, पण गिटारमधली कर्नाटकी गमक (सूर हलवत, झुलवत वाजवणं) सोडवत नाही.

मराठीत शोधलं तर ॲप कोळीगीतांचे रिमिक्स पुढे करतं. मित्रांनी सुचवलं ते सगळं फ्यूजन निघालं: मागे तबला, पुढे गिटार, चार मिनिटांत खेळ खलास. मला लांब, वळणं घेणारी रचना हवी. रूपक तालासारखं सात मात्रांचं चक्र मांडीवर बोटांनी मोजत बसावं आणि मध्येच सम (चक्राची पहिली मात्रा) हुकावी, असं काहीतरी.

भाषा कुठलीही चालेल, आसामी, कोकणी, तमिळ. शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. फक्त इंग्रजी आणि घसा फोडून ओरडणं नको. बँड बंद पडलेला असला तरी चालेल, पण रेकॉर्डिंग ऑनलाइन मिळायला हवं. मुंबईतलं रिदम हाउस हे गाण्यांच्या सीडी-कॅसेटचं दुकान असतं तर काउंटरवरच विचारलं असतं, ते २०१६ मध्येच बंद झालं.

मराठीत स्वतःच्या रचना करणारा असा एक तरी बँड आहे का? आणि त्याचं पहिलं कुठलं गाणं ऐकू?