नदीतले दगड चालतील, पण आधी लिंबू पिळा

माशांच्या दीड फुटी टाकीत नदीवरचे दगड चालतील का आणि मासे कधी सोडायचे, असं वर विचारलंय. काळा बेसाल्ट बिनधास्त वापरा. फक्त त्यावर पांढऱ्या शिरा दिसल्या तर तिथे लिंबू पिळून बघा. बुडबुडे आले तर तो कॅल्साइट. पाणी हळूहळू जड (क्षारयुक्त) होत जाईल.

इवागुमीत, म्हणजे टाकीत दगड मांडायच्या जपानी शैलीत, दगड विषम संख्येत मांडतात. मुख्य दगड (ओयाइशी) टाकीच्या उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश घ्या, मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवून किंचित कलता रोवा. बाकीचे लहान, पण रेघांची दिशा सगळ्यांची एकच. ही शैली रुजवणाऱ्या ताकाशी अमानोंच्या टाक्यांचे फोटो बघाच, माझं बोलणं फुकट वाटेल! काचेवर थेट दगड नको, खाली प्लास्टिकची जाळी घाला. माती त्यानंतर, पुढे कमी, मागे चढती.

माशांची घाई नको. पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर आल्याशिवाय सोडू नका, ४ ते ६ आठवडे सहज जातात. तोवर लाइट दिवसाला ६ तासच. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर लावणार नसाल तर मॉन्टे कार्लो (जमिनीवर पसरणारं पाणझाड) पसरायला बराच वेळ घेईल, ते आधीच ठरवा.