उद्यमबागेतल्या मुली

कुणीतरी लिहिलंय की बायकांना समाधान देणारी नोकरी म्हणजे शिक्षिका, नर्स नाहीतर बँक. बेळगावात हे चित्र बदलतंय, म्हणून थोडी भर घालते.

उद्यमबाग, मच्छे या औद्योगिक भागांतल्या मशीन शॉपमध्ये आता मुलीही सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या यंत्रावर) आणि क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या कामावर दिसतात. बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात! माझी भाची खानापूर तालुक्यातली, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, क्वालिटीत आहे. भाग कापडाने पुसायचा, मायक्रोमीटरमध्ये (अगदी बारीक माप घ्यायच्या साधनात) धरायचा, त्याच्या टोकाचं रॅचेट फिरवून आकडा वाचायचा. माप बसलं नाही की अख्खा लॉट अडवायचा अधिकार तिचा. सुपरवायझर कितीही घाई करो, तिच्या सहीशिवाय माल हलत नाही. पगारापेक्षा तिला याचं समाधान जास्त, आणि मला ते मनापासून पटतं.

11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसने मोफत जाता येतं. 'निम्मा पगार तिकिटातच जाईल' म्हणणाऱ्या घरांची ती सबब संपली. पण रात्री कारखान्याची दुसरी पाळी सुटल्यावर खेड्याकडे बस कुठली? कितीतरी मुली तिथेच अडतात, याचं फार वाईट वाटतं.

मराठी माध्यमातल्या मुलींनी कन्नड लिहा-वाचायला शिकावंच, राज्य सरकारच्या भरतीत त्यावाचून चालत नाही. आणि मुलीला आयटीआयला टर्नर किंवा मशिनिस्टला (यंत्रावर धातूचे भाग घडवायच्या कामाला) घालायला कचरू नका. फक्त नोकरी धरताना पाळ्या कशा आहेत आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का, एवढं आधी विचारून घ्या.