पर्सन-सेंटर्ड थेरपी सुरू करतेय, पहिल्या सेशनला नक्की काय होतं?

वाटसरू१२
येत्या गुरुवारी माझं पहिलं सेशन आहे. वर्षभर मन कशातच लागत नाहीये, झोप धड नाही, घरच्यांवर उगाच चिडते आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसते. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल, डॉक्टरांनीच काउन्सेलिंग सुचवलं. फोनवर थेरपिस्ट म्हणाल्या, मी पर्सन-सेंटर्ड पद्धतीने काम करते, काय बोलायचं ते तुम्ही ठरवायचं. तिथेच माझं घोडं अडलंय. काय बिघडलंय हेच मला कळत नाहीये तर मी ठरवणार काय? लिहून नेऊ का? लहानपणापासूनचं सगळं सांगावं लागतं का? आणि अनोळखी माणसासमोर रडू आलं तर?

सांजवेळ
अगं, मीही अश्शीच घाबरले होते, आता दीड वर्ष जातेय. पहिला थोडा वेळ नियमांतच जातो, म्हणजे सेशन किती वेळाचं (माझं ५० मिनिटांचं, आठवड्यातून एकदा), रद्द करायचं तर किती आधी कळवायचं, आणि बोललेलं कोणाला सांगत नाहीत पण कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मात्र सांगावं लागू शकतं, हे सगळं. यातलं न कळलेलं तिथेच विचार, लाजू नकोस.

मग माझ्या थेरपिस्ट गप्प बसल्या. प्रश्नांची सरबत्ती होईल असं मला वाटलेलं, तसं काहीच नाही. मी आपली काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, आई आजारी होती तेव्हा सगळं मीच बघायचे, पण ठीक होतं ते. त्या हळूच म्हणाल्या, "सगळं तुम्हीच बघत होतात... आणि ते ठीक होतं." बास, एवढंच. माझेच शब्द होते पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकले आणि मला हुंदकाच आला. त्यांनी ना टिश्यू पुढे केला ना उगी उगी केलं, नुसत्या थांबल्या. रडू आलं तर रडायचं गं, त्यासाठीच तर ती खोली आहे.

लिहून न्यायचं तर ने, पण न उघडताच परत आणलास कागद तरी चालतं. आणि घरी आल्यावर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस. मला सुरुवातीला दोन-तीनदा आधीपेक्षा जास्तच जड वाटलं होतं.

मनमोकळा
मी काउन्सेलिंगचं शिक्षण घेतोय म्हणून थोडं लिहितो. ही पद्धत कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९४० च्या दशकात सुरू झालेली. समोरच्याला 'पेशंट' न म्हणता 'क्लायंट' म्हणायची रीत रुळली त्यात रॉजर्सचा मोठा वाटा. थेरपिस्टने तीन गोष्टी सांभाळायच्या: तुमच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं, तुम्ही काहीही बोललात तरी तुम्हाला चांगलं-वाईट ठरवायचं नाही, आणि स्वतः मुखवटा न घालता खरं वागायचं. तिसरी सगळ्यात कठीण, हे प्रॅक्टिसला बसलो तेव्हा कळलं.

रॉजर्सनी लहानपणीची एक आठवण लिहिलीय, तळघरात हिवाळ्यासाठी ठेवलेल्या बटाट्यांना अंधारातही फिकट कोंब फुटायचे आणि लांबच्या छोट्या खिडकीकडे वाढत जायचे. माणसातही अशी वाढायची ओढ असते यावर सगळी पद्धत उभी आहे. म्हणून सल्ला देत नाहीत, तुमच्याकडे दुर्लक्ष म्हणून नाही. आणि ताई, 'काय बिघडलंय ते कळत नाहीये' हेच पहिलं वाक्य म्हणून बोला, यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

निरभ्र
मला नाही जमलं, तेही सांगतो. मला पॅनिकचे झटके यायचे आणि त्यावर आत्ताच्या आत्ता काहीतरी करायला हवं होतं, श्वासाचं तंत्र, घरी करायचा अभ्यास असं. सहा सेशन मनातल्या मनात कुढत बसलो. सातव्याला सरळ म्हणालो की मला इथे अडकल्यासारखं वाटतंय. थेरपिस्ट अजिबात रागावले नाहीत, उलट तेवढं एकच सेशन आम्ही खरं बोललो असं मला आजही वाटतं! पुढे मी सीबीटीकडे गेलो (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायचा सराव करून घेणारी थेरपी), तिथे फरक पडला. तेव्हा पटत नसेल ते तिथेच बोला, माझ्यासारखं सहा आठवडे थांबू नका. आणि हो, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. जगणं नको असं वाटायला लागलं तर गुरुवारची वाट न बघता लगेच डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करा.

वाटसरू१२
नाही, तसे विचार नाहीयेत, पण विचारलंत ते बरं वाटलं. गोळ्याही नाहीत.

वाटसरू१२
जाऊन आले. मनमोकळा, तुमचंच वाक्य बोलले. त्या म्हणाल्या, "न कळण्याचंच ओझं झालंय का?" मग बराच वेळ मी नुसती खिडकीकडे बघत होते आणि त्यांनी ते चालू दिलं. रडले नाही. लहानपणाचा विषयच निघाला नाही, झोपेबद्दल मात्र खूप बोलले. सांजवेळ, कागद पर्समध्येच राहिला गं. पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय.