मदत हवी आहे: टपालगाडीचं जुनं प्रिंट पुठ्ठ्यावरून सोडवावं का?

नमस्कार मंडळी,

जुन्या छापील चित्रांची आणि कागदाची जाण असलेल्यांचा सल्ला हवा आहे.

मी लंडनच्या पश्चिम भागात हौन्स्लोला राहतो. इथला बाथ रोड म्हणजे टपालगाड्यांचा जुना रस्ता. २ ऑगस्ट १७८४ रोजी जॉन पामरची पहिली मेल कोच ब्रिस्टलहून निघाली, ती याच वाटेने सोळा तासांत लंडनला पोचली. हे वाचल्यापासून मला या गाड्यांच्या चित्रांचा नाद लागलाय. गेल्या महिन्यात एका छोट्या लिलावात जेम्स पोलार्डचं बर्फात अडकलेल्या मेल कोचचं प्रिंट मिळालं. मूळ चित्र पोलार्डचं, छपाईचा पत्रा कोरला आर. जी. रीव्हने, साल १८२५. गाडी अडली तरी टपाल अडता कामा नये, गार्डने पिशव्या घोड्यावर घालून किंवा पायी पुढे न्यायच्या, असा तेव्हाचा नियम होता. म्हणून हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो.

दहापट भिंगातून तासभर बघितलं. हल्लीच्या छपाईत दिसतात तसे ओळीने मांडलेले ठिपके कुठेच नाहीत. आभाळाच्या राखाडी भागात बारीक, वेडीवाकडी जाळी दिसते आणि तिच्यात पांढरी बेटं. अ‍ॅक्वाटिंट या छपाईच्या पद्धतीत पत्र्यावर राळेची भुकटी बसवून तापवतात. मग आम्ल दाण्यांच्या मधल्या फटी खातं आणि शाई तिथेच धरते. ही जाळी त्याचीच. चाकाचा लाल रंग एका आऱ्यापाशी रेषेबाहेर गेलाय, कुंचल्याचा फराटा स्पष्ट दिसतो. म्हणजे रंग हाताने भरलेत. इथपर्यंत माझी खात्री आहे.

अडचण पुढची आहे. असे पत्रे टिकायचे आणि त्यांवरून पुढे कित्येक वर्षं प्रती निघायच्या. माझी प्रत कधीची? कुणीतरी समास कापून टाकलाय, त्यात चित्राचं नाव आणि प्रकाशकाची ओळ दोन्ही गेली. ती ओळ असती तरी तिच्यावरून पत्र्याचं साल कळलं असतं, कागदाचं नाही. त्या काळच्या व्हॉटमन या इंग्लिश बनावटीच्या कागदात मात्र बऱ्याचदा सालासकट जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, असतं. १८२४ दिसलं तर आनंदच, १८४० दिसलं तर प्रत नंतरची हे पक्कं. पण उजेडासमोर धरून बघायची सोय नाही, कारण अख्खं प्रिंट तपकिरी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं आहे. शिवाय पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतंय, डावीकडच्या कोपऱ्यात पिवळट डाग वर आलाय.

एका फ्रेमवाल्याने सांगितलं, "कोमट पाण्यात ठेवा, आपोआप सुटेल." मला ते पटत नाही. वर जलरंग आहेत, ते फुटले तर काय करायचं? आणि खळ कुठली वापरलीय तेही कळत नाही.

कुणी कागद-संवर्धकाकडून असं काम करून घेतलंय का? डिंक किंवा पिठाची खळ असेल तर ती पाण्यात न बुडवता सोडवतात का? पुठ्ठा मागून थर-थर सोलून काढता येतो असं ऐकलंय, तो अनुभव कुणाला असेल तर जरूर लिहा. आणि जलचिन्ह न बघता, नुसत्या छपाईच्या झिजेवरून प्रत आधीची की नंतरची हे ओळखता येतं का? माझ्या प्रतीत घोड्यांच्या मानेखालच्या सावल्या थोड्या फिक्या वाटतात, ती पत्र्याची झीज की उन्हाने उडालेला रंग, हे मला ठरवता येत नाहीये.

तोवर प्रिंट काचेतून काढून, खाली-वर आम्लविरहित कागद घालून कपाटात आडवं ठेवलंय. भिंगाखालचे फोटो रात्री पहिल्या प्रतिसादात टाकतो.