सरळ खरेदीने जमीन दिली. आता वाढीव मोबदला मागता यावा का?

शीळफाटा:
ठाणे जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी बऱ्याच जमिनी निवाड्याऐवजी (म्हणजे अधिकाऱ्याने मोबदला ठरवून दिलेल्या आदेशाऐवजी) सरळ खरेदीने, थेट खरेदीखत करून गेल्या. हिशेबाने निघालेल्या रकमेवर २५ टक्के जादा, आणि त्या बदल्यात ‘यापुढे वाढीव मोबदला मागणार नाही’ अशी हमी. शेजारचा गट निवाड्यात गेला आणि त्याचा दर पुढे वाढला, तर सही करून बसलेल्याने नुसतं बघत राहायचं? माझ्या मते ठरावीक रक्कम घेतलेल्यालाही एकदा तरी दाद मागता आली पाहिजे.

कोर्टनाका:
असहमत. आधी आकडेमोड करा. गुंठ्याचा बाजारभाव १ लाख, ग्रामीण भागाचा गुणक २ धरला तर २ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन जाते म्हणून मिळणारी), झाले ४. वरचे २५ टक्के मिळून ५ लाख. निवाड्याच्या वाटेने तिथवर पोचायचं तर बाजारभावच सव्वा लाख ठरवून घ्यावा लागतो (निवाड्यात मिळणारी वर्षाला १२ टक्क्यांची वाढ आणि व्याज तूर्त बाजूला ठेवू). म्हणजे जादाचे २५ टक्के ही कोर्टात न जाण्याचीच किंमत आहे. ती खिशात घालून वर दादही मागायची, हे दोन डगरींवर हात ठेवणं झालं.

कायदाही तेच सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातलं कलम ६४ निवाडा मान्य नसलेल्यांसाठी आहे. खरेदीखतात निवाडाच नसतो, मग आव्हान कशाला देणार? १८९४ च्या जुन्या कायद्याखाली संमतीने निवाडा घेतलेल्यांनाही कलम १८ चा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा, अर्ज करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये दया शामजी भाई प्रकरणात म्हटलं आहे.

शीळफाटा:
किंमत मान्य, पण ती कशावर ठरली हे सही करणाऱ्याला कुठे माहीत असतं? कलम २६ प्रमाणे रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी) दर आणि आधीच्या ३ वर्षांतल्या खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्यांची सरासरी यांची तुलना करून जास्त असेल तो आकडा धरायचा. कोणती खरेदीखतं धरली याची यादी समोर ठेवली नाही, तर शेतकरी फक्त शेवटची बेरीज बघून सही करतो. संयुक्त मोजणीत विहीर, बोअर, आंब्याची झाडं सुटली असतील तर तीही त्या बेरजेत नाहीत. अशा सहीला तडजोड कोण म्हणेल?

कोर्टनाका:
लबाडी किंवा खोटी माहिती असेल तर करार कायद्याच्या कलम १९ खाली दिवाणी दावा आहेच, लबाडी कळल्यापासून ३ वर्षांत. पण ‘मला कमी मिळाले’ हे त्याला कारण होत नाही.

बेलापूरपट्टी:
दोघेही कायद्यातच अडकलात. नवी मुंबईसाठी १९७० पासून जमिनी गेल्या, लोकांनी पैसे घेतले, कागदावर प्रकरण मिटलं. मग जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलीस गोळीबार झाला, ५ जण गेले, आणि पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली, आधी मोबदला घेतलेल्यांसाठीच. मिटलेलं प्रकरण उघडता येतं, फक्त सरकारची मर्जी लागते.

कोर्टनाका:
ती सवलत होती, अपील नव्हतं. कोर्टाने दर वाढवला नाही, शासनाने धोरण केलं.

बेलापूरपट्टी:
म्हणूनच हक्क लेखी हवा. दर वेळी दि. बा. पाटलांसारखा नेता कुठून आणायचा?

दिवा_जंक्शन:
ब्रिटनमध्येही हाच पेच आहे. पोस्टाच्या होरायझन संगणकप्रणालीने खोटी तूट दाखवली आणि ती सबपोस्टमास्तरांच्या (पोस्टाच्या शाखा चालवणाऱ्यांच्या) माथी मारली गेली. २०२४ मध्ये भरपाई म्हणून ७५,००० पौंडांची ठरावीक रक्कम देऊ केली. आधी तडजोड केलेल्यांसाठी पुढे अपिलाची सोय झाली, पण हे ७५,००० घेतलेल्यांना ती ठेवली नव्हती. तिथे तर चूक समोरच्याचीच होती, तरी दार बंद. आपल्याकडे ते उघडेल याची आशा मला कमीच वाटते.

सातबारा_आठअ:
वाद चालू द्या, पण ज्यांचा निवाडा व्हायचाय त्यांनी एवढं करा. रक्कम घेताना पावतीवर ‘हक्क राखून, तक्रारीसह स्वीकारली’ असं लिहा आणि त्याच मजकुराचा अर्ज प्रांत कार्यालयात देऊन पोच घ्या. हे राहिलं तर कलम ७७ मुळे ६४ चा रस्ता बंद. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर ६४ च्या अर्जाची मुदत ६ आठवडे. नसाल तर नोटिशीपासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी वर आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात, पण त्या भरवशावर बसू नका.

मुदत हुकली तरी कलम ७३ उरतं. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाचा दर प्राधिकरणाने (६४ ची प्रकरणं ऐकणाऱ्या) वाढवला, तर त्या निकालापासून ३ महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज लगेच टाका. सरळ खरेदीवाल्यांना मात्र हे लागू नाही.

शीळफाटा:
मग माझी मागणी आवरती घेतो. अपील नको. खरेदीखतातच कलम घाला: त्याच अधिसूचनेत बाजारभाव २५ टक्क्यांच्या वर वाढला, तर वरचा फरक आपोआप मिळावा.

कोर्टनाका:
याला माझा विरोध नाही. पण तुलना बाजारभावाचीच हवी, एकूण रकमेची नाही. जिरायतीशी जिरायत, बागायतीशी बागायत. रस्त्यालगतच्या गटाचा दर आतल्या गटाला लागणार नाही हेही तिथेच लिहा, नाहीतर पहिलं भांडण त्यावरूनच होईल.