चवथीला घरभर माणसं जमवून पिणाऱ्याला मधे बसवायचं, हा उपाय की तमाशा?

डिचोलीकर:
परवा इथे एका ताईंनी सल्ला दिला: चवथीला सगळे मूळ घरी जमतात, तोच मुहूर्त साधा, पिणाऱ्याला मधे बसवा, प्रत्येकाने आपलं दुखणं चिठ्ठीवर लिहून वाचा आणि शेवटी ‘उपचार घे, नाहीतर घर सोड’ म्हणा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. राहवेना म्हणून लिहितो.

आमच्याकडे हे झालंय. आरतीनंतर दादा गणपतीवर फळं-सुपाऱ्या टांगलेल्या माटोळीखाली पाटावर, भोवती आम्ही अकरा जण. काका मोबाइलवरून वाचत होते, मधेच कुणाचा तरी फोन आला, तो घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. दादा आपला वर टांगलेल्या सुपाऱ्या बघतोय. “झालं तुमचं?” म्हणाला आणि उठला. विसर्जनालाही आला नाही.

ही रीत व्हर्नन जॉन्सन या अमेरिकन पाद्र्याची. 1999 साली तिकडेच 130 कुटुंबांवर तुलना छापून आली. जॉन्सनच्या रीतीने 30 टक्के पिणारे उपचाराला आले, अल-अ‍ॅनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या आधारगटाच्या वाटेने 13. आणि ‘क्राफ्ट’मध्ये, म्हणजे तो शुद्धीत असताना कसं बोलायचं, प्यायलेला असताना कसं बाजूला व्हायचं हे घरच्यांनाच शिकवतात तिथे, 64. जॉन्सनवाल्या बहुतेक घरांनी तर ती बैठक घेतलीच नाही, आयत्या वेळी धीर सुटला.

फोंड्याची सून:
आकडे छान आहेत हो. चौदा वर्षं गोड बोलून बघितलंय का कधी? सिलिंडरमागे क्वार्टर, तांदळाच्या डब्यात क्वार्टर. सासूबाईंचं एकच, “दमून येतो गे, दोन पेग घेतो.” शेवटी मी माहेरचे बोलावले. पहिल्या खेपेला उठून गेला. दुसऱ्या खेपेला माझी आणि मुलीची बॅग दारात होती आणि भाऊ गाडी चालू ठेवून बाहेर. तेव्हा गेला उपचाराला.
आणि अल-अ‍ॅनॉनला 13 म्हणून नापास करू नका. तिथे मी त्याला सुधारायला जातच नव्हते. मला रात्रीची झोप हवी होती.

पेडण्याचा भाटकार:
सरसकट दारूला झोडपू नका. एप्रिलात हुर्राकात, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या हलक्या धारेत, लिम्का, मिरची घालून बसणारा बेवडा नसतो. फेणीला 2009 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. आमच्या आजोबांची भाटी होती, घरात एकही व्यसनी निघाला नाही. घरं बुडाली ती बारमधल्या स्वस्त व्हिस्कीने.

फोंड्याची सून:
भाटकारबाब, आमच्याकडे सुरुवात त्या लिम्कानेच झाली.

मडगावकर:
हुर्राक दोन-तीन महिने. बाकीचे महिने काय तीर्थ घेता?

पेडण्याचा भाटकार:
बोंडं तुडवलीत का कधी? शनिवारी बाटली घेऊन समुद्रावर जाणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. उद्या म्हणाल काजूची झाडंच तोडा.

मडगावकर:
झाडं राहू द्या. आजोबांच्या भाटीवर रोज ‘चव बघायला’ कोण बसायचं तेवढं सांगा.

पेडण्याचा भाटकार:
माझ्या आजोबांवर जाऊ नका!!

निवृत्त सिस्टर:
भाटी थंड झाली असेल तर कामाचं बोलू? ‘आजपासून बंद’ हे वाक्य रोज भरपूर पिणाऱ्याला घातक ठरू शकतं. एकदम सुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. नसलेले उंदीर पकडणारी माणसं मी वॉर्डात बघितली आहेत. आधी डॉक्टर आणि खाट ठरवा, मग काय ती भाषणं. बांबोळीचं मनोरुग्णालय सरकारी आहे, लाज कसली?
आणि आमटीत गुपचूप डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, कालवणाऱ्या बायांनो, तो वर प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. उचलून नेऊन डांबणंही आता जमत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमतीशिवाय भरतीला कडक अटी आहेत, कलम 89 खाली तीस दिवसांपर्यंत.

सांखळीचा बापू:
मला ना डॉक्टर लागला ना बैठक. पंढरीची माळ घातली, सुटली.

निवृत्त सिस्टर:
आनंद आहे, बापू. माळ घालून पहिल्या एकादशीला तोडलेलेही माझ्या वॉर्डात होते.

डिचोलीकर:
सिस्टरांचं पटलं. सूनबाईंचंही, नाइलाजाने. तुमची बॅग खरी होती, आमची धमकी खोटी. ‘घर सोड’ म्हणालो आणि त्याच रात्री आईने त्याचं ताट झाकून ठेवलं, मागच्या दाराची कडी मीच काढून ठेवली.
दादा पुढे उपचाराला गेला तो वहिनीमुळे. सकाळी शुद्धीत होता, चहाची कपबशी हातात ठरत नव्हती. ती एवढंच म्हणाली, “हात दाखवून येऊया का? मी येते.” आरोग्यकेंद्रात समुपदेशक होता, डॉक्टरसुद्धा नव्हे. असं साध्या प्रशिक्षित माणसांनी केलेलं समुपदेशन गोव्यातल्याच केंद्रांत 377 पुरुषांवर तपासलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांतले 36 टक्के सावरले, नेहमीच्या उपचारातले 26.

फोंड्याची सून:
म्हणजे समुपदेशन घेऊनही 64 टक्के सावरले नाहीतच. बॅग मी भरूनच ठेवते.

पेडण्याचा भाटकार:
हुर्राकाबद्दल अजून कुणी माफी मागितलेली नाही.