मिठी मारली, पण खांब कुठं रोवला?

राजहंसगड
कालपासून एकच पोस्ट चार ग्रुपांवरून मला आली. मजकूर असा : इथिओपिया आणि इरिट्रियानं वीस वर्षांचं वैर 2018 साली एका मिठीत संपवलं, दूतावास उघडले, विमानं सोडली, नोबेल घेतलं, आणि बेळगावचे मराठी लोक अजून 1956 ची राज्यपुनर्रचना उगाळत बसलेत. लिहिणारे साहेब पुण्याचे. कोगनोळीचा टोलनाका ते फक्त गोव्याला जाताना बघतात.

साहेब, पुढचं पान फाडून पोस्ट लिहिलीत. 1998 ते 2000 ची लढाई पेटली ती बादमे नावाच्या एका धुळीच्या गावावरून. माणसं मेली हजारोंनी. डिसेंबर 2000 मध्ये अल्जिअर्सला करार, मग सीमा आयोग, आणि एप्रिल 2002 मध्ये आयोगानं बादमे इरिट्रियाच्या पदरात टाकलं. इथिओपियानं सोळा वर्षं ताबा सोडला नाही. मग अबी अहमद इथिओपियाचे पंतप्रधान होऊन आले, निकाल मान्य म्हणाले, जुलै 2018 मध्ये इरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात सह्या झाल्या. 11 सप्टेंबरला, इथिओपियाच्या नववर्षाच्या दिवशी, वेस उघडली. लोक ट्रक भरभरून इकडचे तिकडे गेले.

आणि डिसेंबरात इरिट्रियानं परवाने मागायला सुरुवात केली. पुढच्या एप्रिलपर्यंत सगळी नाकी बंद. का, ते कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सीमेवर एक खांब रोवला नाही. नोबेल 2019 चं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये इथिओपियाच्या सीमेलगतच्या तिग्रे प्रांतात लढाई लागली तेव्हा इरिट्रियाचं सैन्य अबींच्या बाजूनं आत घुसलेलं. म्हणजे ही दोस्ती कामाला आली ती मधल्या तिसऱ्याला तुडवायला.

राजदूत नेमला म्हणून शेताचा बांध ठरत नसतो. बांधाला मोजणीदार लागतो.

शहापूरची सून
एवढं लिहिलंत, पण वेस उघडी होती त्या तीन महिन्यांचं काय? फोनच्या लाइनी सुरू झाल्या त्या आठवड्यात लोक पलीकडचा कुठलाही नंबर फिरवून अनोळखी माणसाला नुसतं ‘कसे आहात’ विचारत होते. तेही फाडलेल्या पानावरच होतं ना?

माझं माहेर कोल्हापूर. 2022 च्या डिसेंबरात गाड्यांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या बस बंद झाल्या, तेव्हा आई दवाखान्यात. निपाणीपर्यंत नणंदेच्या दिराची गाडी, तिथून कागलपर्यंत भाजीच्या टेम्पोत, कोबीच्या पोत्यावर बसून. तुमच्या मोजणीदाराची वाट बघितली असती तर आईची शेवटची भेट झाली नसती. मला खांब नको. मला गाडी पाहिजे.

निपाणी_तंबाखू
वहिनी, गाडीचं काढलात म्हणून सांगतो. खरी सीमा तिकिटात आहे. आमच्या हिला निपाणीपर्यंत झिरो तिकीट, कर्नाटकाची शक्ती योजना. हद्द ओलांडली की लाल परीचं अर्धं तिकीट. आणि मी पुरुष म्हणून दोन्हीकडं पूर्ण पैसे मोजतो. ह्या अन्यायावर कुठला आयोग नेमणार?

टिळकवाडी
राजहंसगड, तुमचीच फूटपट्टी तुम्हाला लावू. आयोगाचा निकाल सोळा वर्षं दाबून बसला तो इथिओपिया, म्हणजे हट्टी कोण ते तुम्हीच ठरवलंत. आता आपल्या सीमावादावरचा महाजन आयोग घ्या. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर नेमलेला, मागणी महाराष्ट्राची. 1967 चा अहवाल : 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला, बेळगाव इथंच. कर्नाटकानं मान्य केला. नाकारला कुणी? सांगा की. निपाणी, खानापूर तेव्हाच महाराष्ट्रात गेली असती. मी मराठीच आहे, घरात मराठीच बोलतो, पण पोरं कन्नड शिकली म्हणून नोकरीला लागली. तुमची शिकली नाहीत, म्हणून ती पुण्यात.

राजहंसगड
माझ्या पोरांवर जाऊ नका. आणि ‘मी मराठीच आहे, पण’ ह्या वाक्यातल्या ‘पण’नं 1986 ला बेळगावशेजारी हिंडलग्यात काय केलं ते विचारून या. कन्नडसक्तीविरुद्ध गेलेली माणसं होती ती, गोळ्या खाल्ल्या. तुम्हाला कर्नाटक विधिमंडळाच्या पुढच्या बेळगाव अधिवेशनात सुवर्णसौधच्या पहिल्या रांगेत खुर्ची मिळो.

मुद्द्याचं उत्तर : अल्जिअर्सला दोघांनी आधी सही करून दिली होती की आयोग देईल तो निकाल अंतिम आणि बंधनकारक. महाजनांचा अहवाल शिफारस होती. त्याच अहवालात कासरगोड कर्नाटकाला द्या असंही होतं. केरळनं दिलं? आणि 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो काय गंमत म्हणून?

टिळकवाडी
वीस वर्षांहून जास्त झाली दाव्याला. नातू वकील होऊन तुमची बाजू मांडेल. आणि हिंडलग्यावरून मला शिकवू नका, त्या दिवशी माझा चुलतभाऊ तिथं होता. खुब्यात गोळी घेऊन अजून लंगडतोय. तोच मला म्हणाला, पोरांना कन्नड शिकव.

राजहंसगड
हे मला माहीत नव्हतं. खुर्चीचं मागं घेतो. बाकीचं नाही.

शहापूरची सून
झालं का दोघांचं? 2025 च्या फेब्रुवारीत कंडक्टरशी भाषेवरून भांडण झालं, त्याला मारलं, परत गाड्या बंद. तोंड काळं कुणाच्या गाडीचं झालं आणि आधी कुणी केलं, ह्यावर तुम्ही महिनाभर लिहाल. फलाटावर मात्र बायकाच बसलेल्या असतात, डबा घेऊन.

निपाणी_तंबाखू
काळं फासतात ते गाडीला की ड्रायव्हरला, ह्यावरसुद्धा मतभेद आहेत. एकदा मी आत होतो. काचेवर रंग, पुढचं दिसेना. ड्रायव्हर मराठी, गाडी कर्नाटकाची, फासणारे पण मराठी. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, ‘अरे गाढवांनो, घरी जायचंय मला.’ मग त्यांच्यातल्याच एकानं रॉकेल आणून काच पुसून दिली.

टिळकवाडी
ह्यावर हसू आलं, हे लिहून ठेवा.

खानापूर_माजी_सैनिक
मी तिकडं होतो. 2004-05, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, निळं हेल्मेट घालून. दोन्ही सैन्यांच्या मधे 25 किलोमीटर रुंद पट्टा होता, सगळा इरिट्रियाच्या बाजूला. काम एवढंच, कुणी आत येत नाही ना ते बघायचं. 2005 च्या ऑक्टोबरात इरिट्रियानं आमच्या हेलिकॉप्टरांना उडायला बंदी केली. मग आजारी माणूससुद्धा डोंगरातून गाडीनं न्यायचा, हाडं खिळखिळी व्हायची.

इरिट्रियातल्या सेनाफेच्या बाजूला एक म्हातारी होती. कॉफी पाजायची, एकाच भुकटीची तीनदा. तिसरा कप घेतल्याशिवाय उठायचं नाही अशी तिकडची रीत. सोबत इंजेरा, आपल्या आंबोळीची मोठी बहीण समजा, पण आंबट. तिची लेक पलीकडं इथिओपियात, अदिग्रातला दिलेली. आपल्याकडं खानापूरची मुलगी चंदगडला देतात तेवढंच लांब. 1998 पासून भेट नाही. एक चिठ्ठी माझ्यासमोर धरायची, हातानं खूण करायची, पोचव. आम्हाला परवानगी नव्हती. मी घेतली नाही.

2018 ला माझी सून मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होती, सीमेवरच्या झालांबेसाच्या नाक्यावर बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी ते चार-पाचदा थांबवून बघितलं, ती दिसते का. तेव्हा ऐंशीच्या वर असेल, असली तर.

राजहंसगड, पुढं काय झालं ते तुम्ही बरोबर लिहिलंत. आमचं मिशन 2008 ला गुंडाळलं तेव्हाही खांब नव्हते. पण त्या तीन महिन्यांबद्दल लिहिताना जरा आवाज खाली घ्या.

राजहंसगड
काका, घेतला. पोस्ट लिहिणाऱ्या पुणेकराला मात्र सूट नाही. त्यानं ते तीन महिने मिटलेलं वैर म्हणून खपवले. मिटलं असतं तर तुमच्या म्हातारीची वेस परत बंद झाली नसती.

आणि टिळकवाडी, निपाणी-खानापूर 67 सालीच पदरात घ्यायला पाहिजे होतं, हे आमच्या आजोबांनी कधी कबूल केलं नाही. मीही करणार नाही. रात्री अकरानंतर एकटे भेटलात तर बघू.

टिळकवाडी
अकरानंतर मी झोपतो. सकाळी या, कुंदा आणा.

निपाणी_तंबाखू
काका, तुम्हाला सलाम. वहिनी, एक विचारायचं राहिलं : अर्धं तिकीट कागलपासून धरतात की कोगनोळी ओलांडली की लगेच?

राजहंसगड
अरे, धागा इथिओपियाचा होता.

शहापूरची सून
कागलपासून. आणि सुट्टे पैसे ठेवा, कंडक्टर कटकट करतो.